जठर नेमकं काय करतं? साठवण, घुसळण आणि मापून सोडणं

सातपुडा

जठराचा विषय निघाला की चर्चा दोन वाक्यांत ॲसिडिटीवर येते आणि तिथेच संपते. आम्ल बनवणं हे जठराचं काम आहेच, पण मुख्य काम ते नव्हे. माणूस वीस मिनिटांत जेवतो. लहान आतड्याला तेच जेवण घ्यायला चार-पाच तास लागतात. मधला हिशेब जठर सांभाळतं. आलेलं सगळं ठेवून घ्यायचं, बारीक करायचं आणि आतड्याला झेपेल तेवढंच पुढे सोडायचं. बहुतेक तक्रारींची मुळं या सोडण्याच्या कामात सापडतात, म्हणून हा धागा त्या बाजूने सुरू करतो. रस आणि औषधांबद्दल जाणकारांनी भर घालावी.

आधी जागा. जठर बेंबीपाशी नसतं. ते बरगड्यांच्या आडोशाला, श्वासपटलाच्या लगेच खाली, मध्यापासून डावीकडे असतं. पुढून उजव्या बाजूचा काही भाग यकृताने झाकलेला, डावीकडे मागे प्लीहा आणि पाठीमागे स्वादुपिंड. जठराचं दुखणं छातीच्या मधल्या हाडाचं टोक आणि बेंबी यांच्या मधे जाणवतं. बेंबीभोवतीची कळ बहुधा लहान आतड्याची असते. मागच्या भिंतीतला व्रण खोल जाऊन स्वादुपिंडापर्यंत पोचला तर दुखणं पाठीत जातं, आणि मग पाठदुखीवर वेदनाशामक गोळ्या सुरू होतात, ज्यांनी व्रण आणखी चिघळतो. हे नेहमी लक्षात ठेवण्यासारखं आहे.

भाग असे: अन्ननलिका जिथे मिळते तो कार्डिया, त्याच्या डावीकडे वर फुगलेला फंडस, मधला मोठा भाग बॉडी, खाली उजवीकडे वळणारा अँट्रम आणि शेवटी पायलोरस, म्हणजे जाड वर्तुळाकार स्नायूची झडप. त्यापुढे ड्युओडेनम, लहान आतड्याचा पहिला साधारण २५ सेंटिमीटरचा भाग. नावं पाठ करण्यापेक्षा कामाची विभागणी समजली की पुरे. वरचा अर्धा भाग साठवतो, खालचा अर्धा दळतो.

रिकाम्या जठरात जेमतेम ५० ते ७५ मिलिलीटर मावतं आणि आतल्या भिंतीला चुण्या पडलेल्या असतात. घास गिळताच व्हेगस मज्जातंतूच्या आदेशाने फंडस सैल पडतो. जेवण एक-दीड लीटरपर्यंत गेलं तरी आतला दाब फारसा वाढत नाही, तो यामुळे. हे सैल पडणं नीट झालं नाही तर चार घासांतच पोट गच्च वाटतं. एन्डोस्कोपीत काही सापडत नाही आणि रुग्णाला ‘तुम्हाला काही झालेलं नाही’ असं सांगितलं जातं. ते बरोबर नाही. बिघाड हालचालीत असतो आणि दुर्बिणीला हालचालीतला बिघाड दिसत नाही.

भिंतीत स्नायूंचे तीन थर असतात: बाहेर उभा, मधे वर्तुळाकार, आत तिरका. बॉडीच्या वरच्या भागात, मोठ्या वक्र कडेला, लय ठरवणाऱ्या पेशी असतात. तिथून मिनिटाला ३ लाटा निघतात. लाट अँट्रमकडे जाताना जोर धरते आणि ती पोचेपर्यंत पायलोरस जवळजवळ मिटतो. १ ते २ मिलिमीटरपेक्षा बारीक झालेलं तेवढं निसटतं, उरलेलं जोरात मागे फेकलं जातं. ताकात रवी फिरावी तशी ही पुढे-मागे घुसळण तासन्‌तास चालते. नीट चावून खाल्लं की हे काम कमी होतं, एवढंच चावण्यामागचं शास्त्र आहे. बत्तीस वेळा वगैरे आकड्यांना आधार नाही.

आता सोडण्याचा वेग. साधं पाणी १०-१५ मिनिटांत निम्मं निघून जातं. घन जेवण पहिली २०-३० मिनिटं जवळपास जागचं हलत नाही, कारण ते अजून दळलं जात असतं. त्यानंतर मिनिटाला साधारण २ ते ३ किलोकॅलरी या हिशेबाने पुढे जातं. मोजणारा ड्युओडेनम असतो. तिथे स्निग्ध पदार्थ, आम्ल किंवा फार संहत साखर पोचली की तो संप्रेरकं आणि मज्जातंतूंमार्फत जठराला थांबवतो. तुपासोबत दोन पुरणपोळ्या, कटाची आमटी, भात मिळून ८०० किलोकॅलरी धरल्या तर ३ च्या वेगानेही साडेचार तास लागतात. तेल-तूप वर तरंगतं म्हणून ते शेवटी जातं. सणाच्या जेवणानंतर संध्याकाळपर्यंत जड वाटतं ते अपचन नसतं. जठर आपलं काम बरोबर करत असतं.

हिरवाचाफा

छान सुरुवात, सातपुडा सर. औषधनिर्माणशास्त्राच्या बाजूने रसाबद्दल लिहिते.

दिवसाला साधारण २ लीटर जठररस तयार होतो. बॉडी आणि फंडसच्या भिंतीतल्या ग्रंथींत दोन पेशी महत्त्वाच्या. पॅरायटल पेशी हायड्रोक्लोरिक आम्ल आणि इन्ट्रिन्सिक फॅक्टर (बी१२ शोषायला लागणारं प्रथिन) बनवतात, चीफ पेशी पेप्सिनोजेन बनवतात. पेप्सिनोजेन निरुपद्रवी असतं. आम्लात आल्यावरच त्याचं पेप्सिन होतं आणि ते पीएच (आम्लतेचं माप; आकडा जितका कमी तितकं आम्ल तीव्र) १.५ ते २.५ मध्ये सर्वांत चांगलं चालतं. प्रथिनांचं पचन जठरात फार तर १०-२० टक्के होतं, बाकी सगळं स्वादुपिंडाच्या रसाने. पिष्टाचं पचन मात्र जठरात थांबतं असं शिकवलं जातं ते अर्धवट आहे. फंडसमधल्या जेवणाच्या गोळ्यात आम्ल मुरायला वेळ लागतो, तोवर लाळेतलं विकर आत काम करत राहतं.

पॅरायटल पेशीतून बाहेर पडणारं आम्ल सुमारे ०.८ पीएचचं असतं. रक्ताशी तुलना केली तर हायड्रोजन आयनांचं प्रमाण तीस-चाळीस लाख पट. हे आयन पेशीतून बाहेर ढकलणारा जो प्रोटॉन पंप, तोच पँटोप्राझोल, ओमेप्राझोल, राबेप्राझोल या आम्ल कमी करणाऱ्या औषधांचं लक्ष्य. इथे वेळेचा घोळ सर्रास होतो. हे औषध फक्त चालू असलेल्या पंपाला चिकटतं. उपाशीपोटी बरेच पंप पेशीच्या आत गुंडाळून ठेवलेले असतात. जेवणाने ते पृष्ठभागावर येतात. औषध रक्तात एक-दोन तासच टिकतं. म्हणून गोळी न्याहारीच्या ३० ते ६० मिनिटं आधी घ्यायची आणि न्याहारी करायचीच. सकाळी गोळी घेऊन दुपारी बारापर्यंत नुसत्या चहावर राहिलं तर गोळी बरीचशी वाया. रात्री झोपताना घेतली तरी तेच. पूर्ण परिणाम यायला ३ ते ५ दिवस लागतात, त्यामुळे ‘जळजळ झाली की एक’ या पद्धतीने ही औषधं नीट लागू पडत नाहीत.

आणखी एक. यांच्यावर आम्लरोधक आवरण असतं, कारण औषध स्वतःच आम्लात नासतं. नाकातून नळी असलेल्या रुग्णाला घरी ही गोळी कुटून देतात, ते चूक आहे. अशा वेळी डॉक्टरांकडून नळीतून देता येईल असा प्रकार लिहून घ्यावा.

अनुस्वार

एवढं तीव्र आम्ल आणि प्रथिनं तोडणारं विकर असूनही जठर स्वतःला का पचवत नाही, हे सांगितल्याशिवाय व्रणाचा विषय कळणार नाही.

अस्तरावर म्युकसचा (चिकट स्रावाचा) थर असतो, मिलिमीटरचा काही दशांश जाड. त्यात खालच्या पेशी आम्ल मारणारं बायकार्बोनेट सोडतात. पोकळीत पीएच २ असतो तेव्हा पेशीच्या अगदी लगत तो ७ च्या आसपास राहतो. वरच्या पेशी ३ ते ५ दिवसांत बदलल्या जातात. रक्तपुरवठा भरपूर असतो, आत शिरलेलं आम्ल तो वाहून नेतो. या चारही गोष्टींना प्रोस्टाग्लँडिन हे शरीरातच बनणारं संदेशद्रव्य लागतं. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन नेमकं तेच बंद करतात.

म्हणून ‘पेनकिलर जेवणानंतर घेतली, आता काही होत नाही’ हा समज धोकादायक आहे. जेवणाने मळमळ, जळजळ कमी होते. पण प्रोस्टाग्लँडिन रक्तातून पोचलेल्या औषधामुळे थांबतं, त्यामुळे व्रणाचा धोका तसाच राहतो. इंजेक्शन किंवा आवरणाचं ॲस्पिरिन घेतलं तरी तेच. वय ६५ च्या वर, पूर्वी व्रण झालेला, सोबत स्टेरॉइड किंवा रक्त पातळ करण्याचं औषध, यांपैकी काहीही असेल तर वेदनाशामक स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. घ्यावंच लागलं तर जोडीला पँटोप्राझोलसारखं औषध डॉक्टर ठरवतात.

व्रणाचं दुसरं कारण हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू. १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियात बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी हा जंतू वाढवून दाखवला. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. या शोधाआधी व्रणाचं खापर काळजी आणि तिखटावर फोडलं जायचं. हा जंतू युरिएज विकराने युरियापासून अमोनिया बनवतो, स्वतःभोवतीचं आम्ल मारतो आणि म्युकसमध्ये राहतो. अँट्रममध्ये वस्ती असेल तर गॅस्ट्रिन हे आम्लाला चालना देणारं संप्रेरक वाढून आम्ल वाढतं आणि ड्युओडेनमला व्रण होतो. बॉडीपर्यंत पसरला तर उलट, ग्रंथी झिजतात आणि आम्ल कमी होतं; पुढे जठराच्या कर्करोगाचा धोका याच वाटेने येतो.

तपासणीत चुका फार होतात. श्वासाची युरिया चाचणी, विष्ठेतली अँटिजेन चाचणी किंवा बायॉप्सीच्या तुकड्यावरची युरिएज चाचणी, यांच्याआधी पँटोप्राझोल वर्गातलं औषध २ आठवडे आणि अँटिबायोटिक व बिस्मथ ४ आठवडे बंद हवं. नाहीतर जंतू असूनही चाचणी नकारात्मक येते. रक्तातली अँटिबॉडी चाचणी स्वस्त पडते, पण जंतू आत्ता आहे की पूर्वी होऊन गेला हे ती सांगत नाही. उपचारानंतर जंतू गेला का हे बघायला तिचा काहीच उपयोग नाही. उपचार १४ दिवसांचा असतो आणि तो पुरा करून किमान ४ आठवड्यांनी पुन्हा चाचणी करायची. आठव्या दिवशी बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडणं हे जंतू चिवट होण्याचं मोठं कारण आहे. आपल्याकडे क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक बऱ्याच जणांत चालत नाही, ते त्यामुळेही.

मोगरी

आहारतज्ज्ञ म्हणून दोन घरगुती उपायांवर लिहिते.

थंड दूध: प्यायल्यावर काही मिनिटं आम्ल शमतं, बरं वाटतं. पण दुधातली प्रथिनं आणि कॅल्शियम दोन्ही आम्लनिर्मितीला चालना देतात, त्यामुळे तासा-दोन तासांनी जळजळ परत येते. रात्री झोपताना ग्लासभर दूध हा जळजळीवरचा उपाय नव्हे.

खाण्याचा सोडा: एक लहान चमचा म्हणजे सुमारे साडेचार ग्रॅम, त्यात सव्वा ग्रॅमच्या आसपास सोडियम. रक्तदाब, हृदयविकार, मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांना हे परवडणारं नाही. शिवाय आम्लाशी संयोग होऊन कार्बन डायऑक्साइड सुटतो. तुडुंब जेवणावर सोडा घेतल्याने जठर फाटल्याचे प्रसंग वैद्यकीय साहित्यात नोंदलेले आहेत. विरळा, पण खरे. ढेकर आली म्हणजे गॅस गेला असं वाटतं. ती ढेकर सोड्यानेच तयार केलेल्या वायूची असते.

मला एक विचारायचं होतं. जेवणाने आम्ल शमतं, जेवल्यावर जठरातला पीएच ४-५ पर्यंत चढतो. मग जळजळ जेवणानंतरच सर्वांत जास्त का होते?

सातपुडा

मोगरी ताई, प्रश्न अगदी नेमका आहे. पीएच सरासरीने चढतो, सगळीकडे सारखा नाही. ताजं आम्ल जेवणाच्या गोळ्यात मिसळण्याआधी वरच्या बाजूला, अन्ननलिकेच्या तोंडाशी साचतं आणि तो थर तीव्रच राहतो. त्याच वेळी फुगलेल्या फंडसमुळे तोंडाशी असलेली झडप वारंवार सैल पडते. ढेकर याच वाटेने येते, तिच्यासोबत हा थर वर चढतो. अल्जिनेट असलेली पातळ औषधं या थरावर जेलीचा तराफा बनवतात, म्हणून ती जेवणानंतर आणि झोपताना घ्यायची. जेवणाआधी घेऊन फारसं काही साधत नाही.

डाव्या कुशीवर झोपायला सांगतात त्याचं कारणही रचनेत आहे. डाव्या कुशीवर फंडस खाली आणि अन्ननलिकेचं तोंड वर राहतं. उजव्या कुशीवर ते तोंड आम्लाच्या पातळीखाली जातं. पलंगाच्या डोक्याकडचे पाय १५-२० सेंटिमीटर उचलावेत, विटा किंवा लाकडी ठोकळे ठेवून. उशांची चळत करू नये. तिने कंबरेत घडी पडते, पोटावर दाब येतो आणि त्रास वाढतो.

कावेरी

भूलतज्ज्ञाच्या नजरेतून जठराचं रिकामं होणं हा जिवाचा प्रश्न आहे. भूल दिल्यावर गिळण्याची आणि खोकल्याची प्रतिक्षिप्त क्रिया जाते. जठरातलं वर आलं तर सरळ फुप्फुसात उतरतं. कर्टिस मेंडेलसन यांनी १९४६ मध्ये बाळंतपणात भूल दिलेल्या स्त्रियांमध्ये हे सविस्तर दाखवलं, तेव्हापासून उपास सक्तीचा झाला.

नियोजित शस्त्रक्रियेसाठी किमान अंतर असं: पाणी, दूध न घातलेला चहा, गाळलेला रस यांना २ तास; आईच्या दुधाला ४ तास; हलकं खाणं आणि इतर कोणतंही दूध ६ तास; तळलेलं, तुपकट, मटण-चिकन ८ तास. आपल्याकडे गफलत होते ती चहात. ‘फक्त कपभर चहा घेतला’ असं नातेवाईक सांगतात, पण दुधाचा चहा जठरात जाऊन फाटतो आणि घन अन्नासारखा रेंगाळतो. त्याला ६ तासच. उलट टोकाला, रात्री दहापासून पाण्याचा थेंबही नाही असं लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना ठेवणंही चूक. २ तास आधीपर्यंत पाणी चालतं, मात्र आपल्या भूलतज्ज्ञाने वेगळं सांगितलं असेल तर तेच पाळायचं.

हे सगळे तास जठर नीट चालतं असं धरून आहेत. तीव्र वेदना, अपघात, अफूवर्गीय वेदनाशामक, बाळंतकळा, आतड्यातला अडथळा, जुना मधुमेह यांत ते लागू पडत नाहीत. सेमाग्लुटाइडसारखी वजन आणि साखरेची इंजेक्शनंही जठर संथ करतात. ती चालू असतील तर शस्त्रक्रियेआधीच्या तपासणीलाच सांगावं, टेबलावर गेल्यावर नाही.

दीपस्तंभ

कावेरी ताईंनी जुन्या मधुमेहाचा उल्लेख केला, तो धागा पुढे नेतो. वर्षानुवर्षं साखर चढी राहिली की व्हेगस आणि लय ठरवणाऱ्या पेशी खराब होतात आणि जठर मंदावतं. खूण अशी: दोन घासांत पोट भरतं, मळमळ, आदल्या जेवणातले शेंगदाणे किंवा भाजीचे तुकडे उलटीत दिसतात. आणि साखर अनाकलनीय वागते. जेवणाआधीचं इन्सुलिन काम सुरू करतं, जेवण मात्र जठरातच, म्हणून जेवल्यावर तासाभरात साखर घसरते. अन्न पुढे सरकतं तेव्हा इन्सुलिन संपलेलं असतं आणि साखर भडकते. अशी पद्धत वहीत दिसली तर डोस वाढवण्याआधी जठराची तपासणी करून घ्यावी.

तपासणीत किरणोत्सारी टेक्नेशियम मिसळलेलं ठरावीक जेवण देऊन ४ तास चित्रं घेतात. ४ तासांनी १० टक्क्यांहून जास्त उरलं तर जठर मंद. चाचणीच्या सकाळी साखर २७५ मिलिग्रॅमच्या खाली हवी, कारण चढी साखर स्वतःच जठर संथ करते आणि निकाल फसवा येतो.

मोगरी

अशांच्या आहाराबद्दल: इथे नेहमीचा ‘कोशिंबिरी खा, कोंडा वाढवा’ हा सल्ला उलटा पडतो. चोथा आणि स्निग्धता दोन्ही कमी. दोन मोठ्या जेवणांऐवजी ५-६ छोटी. मऊ वरणभात, मूगडाळीचं कढण, गाळलेलं टोमॅटोचं सार, कुस्करलेला दुधी, पातळ ताक चालतं. पेरू, संत्र्याचा चोथा, गवार, शेवग्याच्या शेंगा, कच्चा कोबी टाळायचा, कारण न दळलेला चोथा जठरात गोळा होऊन अडकतो. घन नको वाटत असेल तर तेच मिक्सरमधून काढून द्यावं; मंद जठरातूनही द्रव बऱ्यापैकी पुढे जातो. जेवल्यावर तासभर आडवं व्हायचं नाही.

अनुस्वार

आणि औषधाबद्दल सावध करतो. आपल्याकडे पँटोप्राझोलसोबत डॉम्पेरिडॉन हे मळमळीवरचं औषध एकाच कॅप्सूलमध्ये सर्रास दिलं जातं, लोक ते महिनोन्‌महिने घेतात. डॉम्पेरिडॉन हृदयाची लय बिघडवू शकतं. युरोपच्या औषध नियामकांनी २०१४ मध्ये त्यावर मर्यादा घातली: १० मिलिग्रॅम, दिवसातून जास्तीत जास्त ३ वेळा, आणि तेही साधारण आठवड्याभरापुरतंच. क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन, फ्लुकोनॅझोल यांच्यासोबत तर नकोच. हेलिकोबॅक्टरच्या उपचारात क्लॅरिथ्रोमायसिन असेल तेव्हा जुनं कॅप्सूल घरात चालू नाही ना, हे विचारून घ्यावं.

आता सर्वांत महत्त्वाचं. घाम फुटला, छातीत किंवा बेंबीच्या वर दाब आला, जबडा-खांदा-डावा हात भरून आला, चालल्यावर वाढतं, तर ‘गॅस झालाय’ म्हणून सोडा पिऊन वाट बघू नका. हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका जठराच्या जागीच दुखतो. आम्लशामकाने बरं वाटलं तरी हृदय सुटलं असं सिद्ध होत नाही. आधी ईसीजी. मधुमेही आणि स्त्रियांमध्ये छातीत न दुखताही झटका येतो.

आणि डांबरासारखी काळी चिकट शौच, कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, विनाकारण वजन उतरणं, गिळताना अडकणं, कारण न सापडलेली लोहाची कमतरता, यांपैकी काहीही असेल तर गोळ्या बदलत बसू नये. एन्डोस्कोपी करून घ्यावी. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण ती डांबरासारखी चिकट आणि उग्र वासाची नसते.

हिरवाचाफा

@अनुस्वार, डॉम्पेरिडॉनबद्दल लिहिलंत हे फार बरं झालं. दुकानात चिठ्ठीशिवाय मागितलं जाणारं हेच औषध आहे.

पँटोप्राझोल वर्षानुवर्षं घेणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. एक, बी१२. अन्नातलं बी१२ प्रथिनांपासून सुटं व्हायला आम्ल आणि पेप्सिन लागतं, पुढे ते इन्ट्रिन्सिक फॅक्टरला बांधलं जाऊन लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषलं जातं. शाकाहारी माणूस, सोबत मधुमेहाचं मेटफॉर्मिन आणि वर हे औषध, असं त्रिकूट असेल तर बी१२ तपासून घ्यावं. शरीरातला साठा काही वर्षं पुरतो, म्हणून कमतरता उशिरा कळते. तोवर पायांना मुंग्या सुरू झालेल्या असतात. कॅल्शियमही कार्बोनेटऐवजी सायट्रेट घेतलेलं बरं, कार्बोनेट विरघळायला आम्ल लागतं.

दुसरं, बंद करण्याची पद्धत. काही आठवडे आम्ल दाबलं की गॅस्ट्रिन वाढलेलं असतं. औषध एकदम थांबवलं तर आम्ल आधीपेक्षा जास्त सुटतं आणि माणसाला वाटतं आपल्याला जन्मभर गोळी हवी. डॉक्टरांना विचारून डोस निम्मा करावा, मग दिवसाआड, आणि मधल्या दिवशी जळजळ झालीच तर अल्जिनेट किंवा साधं अँटासिड. दोन-तीन आठवड्यांत बहुतेकांचं स्थिरावतं. मात्र व्रणातून रक्तस्राव झालेला, अन्ननलिकेत जुनी सूज किंवा बॅरेट (अन्ननलिकेच्या अस्तरात झालेला बदल) सांगितलेलं, किंवा ॲस्पिरिन कायमचं चालू असलेला, अशांनी हा प्रयोग करायचा नाही. त्यांना गोळीची गरज खरी आहे.

दीपस्तंभ

अँटासिड घेणाऱ्यांसाठी एक जोड: ॲल्युमिनियमवालं बद्धकोष्ठ करतं, मॅग्नेशियमवालं जुलाब, म्हणून दोन्ही मिसळून विकतात. थायरॉइडच्या गोळीपासून ४ तास लांब ठेवावं, लोह आणि डॉक्सिसायक्लिनपासून किमान २ तास. एकत्र घेतलं तर ती औषधं अँटासिडला बांधली जाऊन तशीच बाहेर पडतात.